पंडितची मान

मला राग लवकर येतो. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण लपवतही नाही. लपण्यासारखी ती गोष्टच नाही. सुरतच्या उधन्यात मला तोंडावर ‘शालिग्राम मास्तर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘भोंगा’. पोटासाठी मी एका प्रोसेस मिलमध्ये फोल्डिंगला आहे, म्हणजे दिवसभर छापून आलेल्या कापडाच्या घड्या घालून घेतो. मास्तरकी फक्त सकाळची. एका शाळेमागे मैदान आहे, त्यावर अडीचशे मीटरची गोल वाट आमच्याच पोरांच्या पायांनी पडली आहे. वीस फेऱ्या मारल्या की पाच किलोमीटर होतात. पोलीस भरतीत पुरुषांना पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत पळावं लागतं, आणि आमच्या खान्देशी वस्तीतली निम्मी पोरं त्या पंचवीस मिनिटांवर आयुष्य टांगून बसलेली असतात. तेरा वर्षांत माझ्या हाताखालून सात पोरं आणि चार पोरी वर्दीत गेल्या. फी नाही. अट एकच, मी सांगेन तसं पळायचं.

ही अट कोणी पाळत नाही.

पळायला काय शिकवायचं, असं लोकांना वाटतं. पाय आहेत, पळा. इथेच घोडं पेंड खातं. नवखा पोरगा येतो तोच मोबाइलवर कुणातरी परदेशी गड्याचा व्हिडिओ बघून, भडक रंगाचे बूट घालून, आणि ढांगा अशा टाकतो की जणू नाला ओलांडायचा आहे. लांब ढांग टाकली की टाच पुढे आपटते. टाच पुढे आपटली की दर पावलाला आपणच आपल्याला ब्रेक लावतो. आठ दिवसांत गडी नडगी धरून कट्ट्यावर बसलेला. मी घसा फोडून सांगतो, बाबांनो, पाऊल पोटाखाली पडू द्या, छोटं टाका पण भरभर टाका. मुठी आवळू नका. हातात भाजलेला पापड आहे आणि तो मोडायचा नाही, एवढ्याच बेताने धरा. कोपर काटकोनात ठेवा, हात पुढे-मागे जाऊ द्या, छातीवर आडवे नकोत. खांदे कानांना भेटायला गेलेत, त्यांना खाली बोलवा. नजर समोर, पंधरा पावलांवर. आणि पहिला महिना इतकं हळू पळा की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. हे शेवटचं ऐकून पोरं हसतात, गप्पा मारायला आलोय का म्हणतात, आणि दोन फेऱ्यांत जीभ बाहेर काढून उभी राहतात. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

अशा पोरांमध्ये पंडित आला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, करून लोक गावाहून परतत होते त्या आठवड्यात. रात्रपाळी संपवून सरळ मैदानावर आला होता. केसांत, भुवयांवर, पापण्यांवर सुताचा पांढरा भुरका. वय तेहतीस. माझ्या बाकीच्या पोरांच्या मिशा फुटायच्या होत्या आणि याच्या कानाशी केस पिकायला लागले होते. तेरा वर्षं तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होता, बारा मशीन एकट्याने सांभाळायचा. घरी बायको मंदा साड्यांना लेस लावायची. लग्नाआधी एकदा भरतीला उभा राहिला होता, मैदानातच बाद झाला, मग राहून गेलं. आता पुढच्या भरतीपर्यंत वय निघून जाणार होतं.

मी विचारलं, आत्ताच का सुचलं? तो माझ्याकडे बघत राहिला आणि दोनच वाक्यं बोलला. “माले लूमवरून निंघनं शे, मास्तर. हाई शेवटलं वरीस शे.”

लूमवरून निघायचं कुणाला नसतं? मी फार खोलात गेलो नाही. त्याच्या बापाला मी ओळखत होतो, सगळी गल्लीच ओळखते. राघोबा. तीस वर्षं लूमवर काढली आणि दोन्ही कान तिथेच ठेवून आला. आता घराच्या ओट्यावर बसलेला असतो. मागे टेम्पोने हॉर्न मारला तरी हलत नाही, गल्लीतलं कोणीतरी जाऊन त्याचा सदरा ओढतं तेव्हा उठतो. घरातले त्याच्याशी हातानेच बोलतात. हे सगळं मी रोज बघत होतो. बघत होतो म्हणजे डोळ्यांपुढून जात होतं, एवढंच.

पहिल्या दिवशी पंडितला पाच किलोमीटरला एकतीस मिनिटं लागली. पण त्याचे पाय बघून मी चाट पडलो. छोटी, भरभर, अजिबात आवाज न करणारी पावलं. बारा मशीनमागे बारा तास फिरून ती त्याच्या अंगात मुरलेली होती. इतरांना जे शिकवायला माझे सहा महिने जातात ते हा घरून घेऊन आला होता. वरचं धड मात्र लाकडाचं. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, हात छातीशी, खांदे आत. लूमच्या खात्यात, म्हणजे शेडमध्ये, मशीनच्या दोन रांगांमध्ये एक माणूस आडवा सरकेल एवढीच गल्ली असते. कोपर बाहेर गेलं की हलत्या दांड्याचा फटका बसतो. तेरा वर्षं ज्याने कोपरं वाचवली तो एका सकाळी ती सोडणार कशी? मी त्याच्या दोन्ही हातांत खरेच पापड दिले, मंदाने घरून भाजून पाठवलेले. पहिल्या आठवड्यात रोज चुरा. गणपती उठेपर्यंत पापड शाबूत राहायला लागले आणि वेळ सत्तावीस मिनिटांवर आली. मी खूश होतो. माझ्या खुशीला तिथेच दृष्ट लागली.

कारण मग मान सुरू झाली. म्हणजे ती पहिल्यापासून असणार, हातांच्या नादात माझं लक्ष गेलं नव्हतं. मी वाटेच्या कडेला, सिमेंटच्या बाकापाशी उभा असतो. पंडित फेरी मारून माझ्याजवळ आला की मान डावीकडे वळवून सरळ माझ्या तोंडाकडे बघायचा. नुसती मान वळली असती तर चाललं असतं. मान वळली की डावा खांदा वर जातो, खांदा वर गेला की हात अडकतो, हात अडकला की पाऊल चुकतं. फेरीला तीन सेकंद जायचे. वीस फेऱ्यांचं झालं एक मिनिट. नवरात्र आलं, दसरा झाला, आणि हा सव्वीस मिनिटांवर खिळून राहिला. ज्या एका मिनिटावर त्याचं सगळं अडलं होतं, ते एक मिनिट हा मला बघण्यात घालवत होता.

मी ओरडायचो, “समोर देख!” तो आणखी वळायचा. मी जास्त जोरात ओरडायचो, तो जास्त वेळ बघायचा आणि वर हसायचा. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, “माझ्या तोंडावर सिनेमा लागलाय का?” पोरं खो खो हसली, तोही हसला, सगळ्यांच्या मागून, थोडा उशिरा. मी शिक्षा म्हणून दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला. त्याने मुकाट मारल्या. मग मला एक अक्कल सुचली. पर्वत पाटिया भागातल्या ओळखीच्या दुकानातून साडीच्या घडीत घालतात ते पुठ्ठे आणले, कापून जोडले आणि त्याच्या गळ्याभोवती पट्टा बांधला. मान वळायलाच नको. पठ्ठ्याने काय करावं? मान सरळ ठेवली आणि माझ्यापाशी आल्यावर कमरेपासून अख्खा माझ्याकडे वळला. मैदानावर हशा पिकला. मी पुठ्ठा फाडून फेकला आणि सरळ घरी निघून आलो.

माणूस इतका कसा आडमुठा असतो, हे मी घरी आठ दिवस बोलत होतो. जित्याची खोड, म्हटलं. याला जायचंच नाहीये लूमवरून. मंदा एकदा बाजारात भेटली, तिलाही ऐकवलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते रोज घरी येऊन तुम्ही काय सांगितलं असेल ते मला विचारतात. मला वाटलं, ऐकत नाही तर नाही, वर बायकोला विचारतो? या वाक्यावर मी तेव्हा क्षणभर तरी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. रागात माणूस स्वतःचंच ऐकतो.

दिवाळीनंतर नूतनने मला एक व्हिडिओ दाखवला. नूतन एकोणीस वर्षांची, मुलींच्या सोळाशे मीटरची तयारी करते. जन्म सुरतचा, घरी अहिराणी, बाहेर गुजराती आणि माझ्याशी तिसरंच काहीतरी बोलते. तिने पंडितची अख्खी फेरी मोबाइलवर घेतली होती. “सर, तुमे जुओ ना,” ती म्हणाली, “पाछळच्या बाजूला ते बराबर सीधे पळतात. फक्त तुमच्यासामे आले की मान फिरते.”

मी दोनदा बघितला. खरं होतं. मैदानाच्या पलीकडच्या अंगाला त्याची मान अशी सरळ की कुणालाही उदाहरण म्हणून दाखवावी. माझ्यापासून पंधरा पावलांवर आला की वळली. नूतनला बहुधा मला काहीतरी सुचवायचं होतं. मला सुचलं ते भलतंच. म्हणजे याला पळता येतं, आणि हा मुद्दाम मला खिजवतो. त्या आठवड्यात पंडितची दिवसपाळी होती. मी मिलमधून दोन तासांची सुट्टी काढली आणि त्याच्या खात्यावर गेलो, तोंडावर सांगायला, की उद्यापासून येऊ नको.

चार वाजले होते, चहाची सुट्टी. खात्याबाहेर चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, बशीत चहा ओतून फुंकत होता. दहा पावलांवरून मी हाक मारली, पंडित. माझी हाक म्हणजे काय ते वर सांगितलं आहेच. समोरच्या दुकानातले दोघे वळून बघायला लागले. हा फुंकतोय. दुसरी मारली. लारीवाला बघायला लागला. हा फुंकतोय. तिसऱ्या हाकेला मी शिवी जोडली आणि जाऊन खांदा धरून त्याला गर्रकन वळवला. चहा त्याच्या हातावर सांडला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तो माझ्या डोळ्यांत बघत नाहीये. माझ्या ओठांकडे बघतोय. ते हलायची वाट बघतोय.

तोंड उघडं ठेवून मी तसाच उभा राहिलो. त्याला कळलं की मला कळलं.

“माले मांगथून आयकू येस नही, मास्तर,” तो म्हणाला. “दूरनं बी नही. तुमनं तोंड दिसनं ते समजस.”

मग आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं असावं. तो म्हणाला, “सांगतू ते तुम्ही माले मैदानवर उभं करतात का?”

नसतं केलं. खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं, की बाबा, पुढे मेडिकल असतं, कशाला जीव काढतोस. हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. लारीच्या बाकावर बसून त्याने बाकीचं सांगितलं. जवळून, समोरून बोललं तर त्याला अजून ऐकू येत होतं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की लूम आता सोडला तर आहे एवढं टिकेल, नाही सोडला तर राघोबाच्या वाटेने. म्हणून शेवटलं वरीस. वयाचंही आणि कानांचंही. मेडिकलचं काय होईल हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. आधी मैदान तर निघू दे, असं आम्ही दोघांनीही मनात म्हटलं असणार.

सुट्टी संपल्यावर तो मला आत घेऊन गेला. मी उधन्यात अर्धं आयुष्य काढलं, पण चालू खात्यात पाच मिनिटं उभं राहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आत आवाज नाही, मारच असतो, छातीत बसतो. मी काहीतरी बोललो ते मलाच ऐकू आलं नाही. आणि त्या गदारोळात माणसं आरामात बोलत होती, हातांनी. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. अंगठा ओठाला म्हणजे चहा. मिशीवरून बोट म्हणजे शेठ आला. पंडित गल्लीतून कोपरं आवळून, मान ताठ ठेवून चालत होता आणि त्याची छोटी छोटी पावलं तीच होती, माझ्या मैदानावरची.

बाहेर सोडायला आला तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. खात्यात तोंड कोणी उघडत नाही, उपयोग नसतो. कुणाचं तोंड मोठं उघडलेलं दिसलं तर एकच अर्थ, कुणाला तरी लागलं. आधी जागेवर थांबायचं आणि मग मशीन बंद करायला धावायचं. दोन वर्षांपूर्वी समोरच्या रांगेतल्या गोपालचा हात पट्ट्यात गेला तेव्हा पंडितने नुसतं त्याचं उघडं तोंड बघून बटण दाबलं होतं. बोटं दोन गेली, हात वाचला. तेव्हापासून ओळखीच्या कुणाचंही उघडं तोंड दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात, असं तो म्हणाला. मैदानावर तुम्ही ओरडता ते रागाने हे मला माहीत आहे, पण पायांना ते माहीत नाही.

आणि मी सहा महिने, फेरीला एकदा, त्याच्यासमोर तोंड वासून उभा होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्याच्या गळ्यात मी पुठ्ठ्याचा पट्टा घातला, आणि खरा इलाज माझ्या तोंडाला कुलूप घालणं हा होता.

मग मी ते घातलं. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर जाताना कडुनिंबाची काडी न्यायला लागलो. पंडित पळत असेल तोवर ती दातांत धरायची, म्हणजे तोंड उघडणार नाही. कडेचा बाक सोडला आणि वळणावर, त्याच्या नजरेसमोर, पन्नास पावलं पुढे उभा राहू लागलो, म्हणजे मला बघायला त्याला मान वळवायलाच नको. बोलणं हाताने. तळवे खाली दाबले की खांदे सोड. दोन बोटं भरभर चालवली की पावलं छोटी कर. बोट सरळ पुढे केलं की नजर समोर. पोरांना वाटलं मास्तरांचा घसा बसला. नूतन नुसती हसली. मला ते दोन महिने फार जड गेले. ओरडण्याचे शब्द घशापर्यंत यायचे आणि काडीला अडायचे. रोज एक काडी मी चावून चोथा करायचो. पण मान सुटली. आठ दिवसांत पंचवीस चाळीस, नाताळच्या आधी चोवीस वीस. त्या दिवशी त्याने वेळ बघितली आणि मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, रडतोय की काय. जाऊन बघितलं तर खिशातून पापड काढून खात होता.

मैदानी परीक्षा जानेवारीत झाली, शहराबाहेरच्या पोलीस मैदानावर. पहाटे मी त्याला गाडीवर मागे बसवून नेलं. पर्वत पाटियाच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर टकटक केलं, मी वळलो तर त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि हसला. मी खिशातली काडी काढून दाखवली. वरून शपथही घेतली. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे मला विसर पडला होता असं कोणी म्हणू नये.

पाच किलोमीटर म्हणजे तिथल्या मोठ्या वाटेवर साडेबारा फेऱ्या. बाहेरच्यांना तारेच्या कुंपणापलीकडे उभं करतात. मी शेवटच्या वळणापाशी जागा धरली, हाताची घडी, दातांत काडी. सुरुवातीला गर्दीत पंडित मागच्या बाजूला अडकला, पंधरा-वीस सेकंद तिथे गेले. मग बाहेर निघाला आणि लागला आपल्या चालीला. काय सांगू. छोटी पावलं, सुटे खांदे, मोकळे हात, मान सरळ. लांब ढांगा टाकत सुरुवातीला पुढे गेलेले तरणेताठे गडी सातव्या फेरीपासून एकेक करून त्याच्या मागे पडायला लागले. एकाही फेरीला त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तेरा वर्षांत मी शिकवलेलं सगळं एका माणसाच्या अंगावर एकत्र बघायला मिळालं ते त्या दिवशी, आणि तो माणूस तेहतीस वर्षांचा, लूमवरचा. मला फार बरं वाटत होतं.

शेवटची फेरी. वळणावर आला तेव्हा मोठ्या बोर्डावर चोवीस मिनिटं बारा सेकंद झाले होते. दीडशे मीटर उरले होते. त्याच्या चालीने पाच सेकंद राखून तो आत जाणार होता, मी मनात हिशेब केला होता. सूर्य नुकताच वर आला होता, त्याच्या पाठीशी. मागून एक पोरगा जोरात आला आणि त्याची लांब सावली पंडितच्या पायांपाशी सरकली. पावलांचा आवाज पंडितला येणं शक्य नव्हतं, सावली दिसली. आणि त्याने मान वळवली. मागे बघायला. जरा, अर्धी.

ती मान वळलेली मी बघितली आणि आठ महिन्यांचा माझा सगळा राग त्या अर्ध्या वळलेल्या मानेवर धावून गेला. काडी कधी थुंकलो कळलं नाही. दोन्ही हातांनी तार धरून मी छाती फुटेस्तोवर ओरडलो, “पंडित, समोर देख!”

कुंपणाला लागून शंभर माणसं ओरडत होती. ती त्याच्या ओळखीची नव्हती. पण मान सरळ करता करता त्याच्या डोळ्यांपुढून माझं तोंड गेलं. दोन महिने बंद असलेलं माझं तोंड सताड उघडं. त्याचे पाय थांबले. पूर्ण थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, तारेकडे, माझ्या आजूबाजूच्या माणसांकडे, शोधल्यासारखं. मागचा पोरगा त्याला ओलांडून गेला. मी दोन्ही हातांनी पुढे जा, पुढे जा करत होतो आणि तोंड मिटायचं मला अजूनही सुचत नव्हतं. सहा, सात, आठ सेकंद. मग तो पळाला. जीव खाऊन पळाला, कोपरं आवळून, लाकडासारखा, पहिल्या दिवशी पळाला होता तसा.

बोर्डावर वेळ लागली, पंचवीस मिनिटं तीन सेकंद.

मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. खरं तर मला पळून जायचं होतं. तो बाहेर आला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, श्वास घेतला आणि लगेच सरळ होऊन माझ्याकडे आला. बोर्डाकडे त्याची पाठ होती, बहुतेक त्याने अजून बघितलंच नव्हतं. त्याने माझे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून बोटं बघितली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

“काय व्हयनं, मास्तर? कोनले लागनं का?”

मी हाताने सांगितलं, नाही, कुणाला नाही.

“बरं व्हयनं,” तो म्हणाला, आणि बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसला.